लष्करी हेलिकॉप्टरची शोध व बचाव पथके: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोड, उपनगर आणि देवळाली कॅम्प या भागांत राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. गांधीनगरच्या लष्करी तळावरून दिवसभर उड्डाणे सुरू असतात आणि मुलेसुद्धा मान वर न करता ‘चेतक गेलं’ असे सांगतात. त्यामुळेच गोदावरीला पूर आला किंवा एखाद्या किल्ल्यावर कोणी अडकले, की ‘हेलिकॉप्टरं तर इथंच आहेत, मग पाठवत का नाहीत?’ हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ही पथके कशासाठी निर्माण झाली, ती कशी काम करतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेतल्याशिवाय ते पटणारही नाही.

हेलिकॉप्टरचे शोध व बचाव पथक म्हणजे नेमके काय?

संकटात सापडलेल्या माणसाचा ठावठिकाणा लावणे, त्याला तेथून उचलणे आणि उपचार मिळतील अशा ठिकाणी जिवंत पोहोचवणे ही तीन कामे सलगपणे करू शकणारे हेलिकॉप्टर, त्याचे वैमानिक, विंच (दोर खाली सोडून माणसाला वर ओढणारे यंत्र) चालवणारा कर्मचारी, दोराने खाली उतरणारा बचावकर्मी आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ यांचा मिळून हा गट असतो. लोकांच्या नजरेत भरते ते उचलण्याचे दृश्य. प्रत्यक्षात अनेक मोहिमांचा बराचसा वेळ पहिल्या कामात, म्हणजे शोधात, जातो आणि मोहिमेचे यशापयशही बहुधा तेथेच ठरते.

लष्करी पथकाचे मूळ प्रयोजन आपल्याच माणसांना परत आणणे हे आहे. विमानातून हवाई छत्रीने उडी घेतलेला वैमानिक, समुद्रात पडलेला नौसैनिक किंवा हिमनदीवर जखमी झालेला जवान यांच्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली. नागरिकांना तिचा लाभ मिळतो, कारण तयार माणसे आणि तयार यंत्रे हाताशी असतात. हा क्रम लक्षात ठेवला, तर पुढची बरीच उत्तरे सोपी होतात.

भारतात यासाठी स्वतंत्र दल आहे का?

नाही. ही जबाबदारी वाटलेली आहे. हवाई दलाची हेलिकॉप्टर युनिटे, नौदलाच्या स्क्वाड्रन, तटरक्षक दलाची हवाई पथके आणि भूदलाचे आर्मी एव्हिएशन हे सर्व आपापल्या क्षेत्रात बचावाचे काम करतात. लढाऊ विमाने उडत असतात तेव्हा अपघातग्रस्त वैमानिकाला उचलण्यासाठी हेलिकॉप्टर सज्ज ठेवले जाते. विमानवाहू नौकेवरून विमाने उडताना किंवा उतरताना एक हेलिकॉप्टर नौकेजवळ घिरट्या घालत राहते, ते याच कारणासाठी. समुद्रातील शोध व बचावाचे राष्ट्रीय समन्वयन तटरक्षक दलाकडे असून त्याचे पश्चिम किनाऱ्यावरील केंद्र मुंबईत आहे.

गांधीनगरच्या तळावरील हेलिकॉप्टरे बचावासाठीच ठेवलेली आहेत ना?

हा गैरसमज नाशिकमध्ये सर्वत्र आढळतो. गांधीनगर येथे भूदलाच्या वैमानिकांना युद्धकालीन उड्डाणाचे शिक्षण देणारी शाळा आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत चेतक आणि चीता या हलक्या हेलिकॉप्टरांवर वैमानिक घडवले जातात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक येथूनच भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाल्या.

नाशिकचा या विद्येशी संबंध शाळेपेक्षा जुना आहे. देवळाली हे तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. डोंगरापलीकडे पडणारे तोफगोळे कोठे पडत आहेत हे वरून पाहून सांगण्यासाठी तोफखान्यातीलच अधिकारी छोटी विमाने आणि पुढे हेलिकॉप्टरे उडवू लागले. या निरीक्षक वैमानिकांच्या तुकड्यांतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर हे भूदलाचे स्वतंत्र अंग तयार झाले. निरीक्षणासाठी घेतलेले हेच हलके हेलिकॉप्टर परत येताना जखमी जवानाला घेऊन येऊ लागले आणि आज सीमेवरील उंच चौक्यांमध्ये त्या कामाचे मोल निरीक्षणाहून कमी मानले जात नाही.

तथापि प्रशिक्षणाचा तळ हा बचावाचा तळ नसतो. शिकाऊ उड्डाणांसाठी लावलेले यंत्र, त्यावरील सामग्री आणि त्या दिवशी उपलब्ध असलेले कर्मचारी रात्रीच्या पुरात माणसे उचलण्यासाठी योग्य असतीलच असे नाही. शासनाने मागितल्यास लष्कर मदत देते; मात्र कोणते यंत्र कोठून पाठवायचे हे लष्करच ठरवते, आणि सर्वांत जवळचे यंत्र सर्वांत उपयोगी असतेच असे नाही.

ओझरला हेलिकॉप्टरे तयार होतात का?

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची ओळख लढाऊ विमानांची आहे. मिग-२१ च्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये तो उभा राहिला आणि नंतर सुखोई-३० तेथेच बांधले गेले. चेतक, चीता आणि ध्रुव या हेलिकॉप्टरांचे घर बंगळुरू.

माणसे वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरचा उपयोग प्रथम केव्हा झाला?

ही घटना आपल्या परिसरातलीच आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील जपानी फौजांच्या पिछाडीस एक छोटे विमान कोसळले. त्यातील अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले. लेफ्टनंट कार्टर हार्मन हा तरुण अमेरिकन वैमानिक ईशान्य भारतातील तळावरून सिकॉर्स्की आर-४ जातीचे हेलिकॉप्टर टप्प्याटप्प्याने इंधन भरत तेथवर घेऊन गेला. यंत्र इतके अशक्त होते की एका वेळी एकच माणूस उचलता येई आणि दमट उष्म्यात इंजिन तापून बंद पडे. फेऱ्यांमागून फेऱ्या करून त्याने चौघांनाही बाहेर काढले. लढाईच्या क्षेत्रातील हेलिकॉप्टर बचावाची ही पहिली नोंद मानली जाते. उष्ण, दमट हवेत यंत्राची ताकद घटते हा धडाही तेव्हाचाच, आणि तो आजही लागू आहे.

विंचने उचलण्याची पद्धत पुढच्याच वर्षी सिद्ध झाली. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ वादळात खडकावर आदळलेल्या तेलाच्या बार्जवरून (सपाट तळाच्या मोठ्या नौकेवरून) दोन माणसांना हेलिकॉप्टरने उचलले. दुसऱ्या माणसाच्या वेळी विंच अडकली, तेव्हा त्याला तसेच लोंबकळत किनाऱ्यावर आणावे लागले! १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने हलवणे हा नित्यक्रम झाला, तर फेब्रुवारी १९५३ मध्ये नेदरलँड्समध्ये समुद्राने बांध फोडले तेव्हा घरांच्या छपरांवरून माणसे उचलणारी लष्करी हेलिकॉप्टरे साऱ्या युरोपने पाहिली. लष्कराचे हे यंत्र नागरी आपत्तीतही तितकेच उपयोगी आहे, हे त्या पुराने लोकांच्या मनावर ठसवले.

भारतातील इतिहास काय सांगतो?

भारतीय हवाई दलात पहिली हेलिकॉप्टरे, सिकॉर्स्की एस-५५, १९५४ मध्ये आली. त्यानंतर रशियन बनावटीची एमआय-४, एमआय-८ आणि एमआय-१७ ही वाढत्या क्षमतेची मालिका आली. फ्रेंच परवान्याने बंगळुरूला तयार होणारे चेतक १९६५ पासून सेवेत आहे. हिमालयासाठी त्याच घराण्यातील चीता घेतले गेले. हलका सांगाडा आणि ताकदवान इंजिन असा त्याचा मेळ आहे. १९८४ पासून सियाचीनच्या चौक्यांची जीवनरेषा म्हणजे हे चीता हेलिकॉप्टर. जेथे पुरेशी सपाट जागाही नसते, तेथे बर्फावर मोजकी जागा तुडवून हेलिपॅड करतात आणि इंजिन बंद न करता रुग्ण आत घेतला जातो.

नौदलाची ३२१ क्रमांकाची स्क्वाड्रन १९६९ मध्ये स्थापन झाली. तिचे ‘एंजल्स’ हे टोपणनाव बचावकार्यावरूनच पडले आहे. चेतक हेलिकॉप्टरांच्या छोट्या तुकड्या वेगवेगळ्या युद्धनौकांवर आणि तळांवर विभागून ठेवण्याची तिची रीत आहे. तटरक्षक दलाची पहिली हेलिकॉप्टर स्क्वाड्रन १९८२ मध्ये गोव्यात सुरू झाली.

एका मोहिमेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे रोपवेची ओढणारी तार तुटली आणि प्रवाशांनी भरलेला पाळणा खोल दरीवर अधांतरी लटकला. सरसावा तळावरील एमआय-१७ हेलिकॉप्टर बोलावण्यात आले. पाळण्याच्या वर तारा होत्या, त्यामुळे हेलिकॉप्टरला त्यांच्याही वर स्थिर राहावे लागले आणि तेथून छत्रीधारी दलाचे मेजर इव्हान जोसेफ क्रॅस्टो यांना विंचने पाळण्याच्या छतावर उतरवण्यात आले. अंधार पडेपर्यंत काही जणांनाच काढता आले. उरलेल्या प्रवाशांसोबत क्रॅस्टो रात्रभर त्या लटकत्या पाळण्यातच राहिले आणि सकाळी काम पुन्हा सुरू झाले. दहा प्रवासी वाचले. क्रॅस्टो यांना कीर्तिचक्र मिळाले. हेलिकॉप्टरचे नेतृत्व करणारे ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर यांना शौर्यचक्र मिळाले आणि पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. हेलिकॉप्टर वैमानिक त्या पदावर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

नाशिक जिल्ह्यात अशा मोहिमेचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते ताजे आहे. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मालेगावजवळ गिरणेच्या पात्रात मासेमारीसाठी गेलेले पंधरा जण धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे अचानक वाढलेल्या प्रवाहात एका खडकाळ उंचवट्यावर अडकले. स्थानिक यंत्रणेने आणि बोटींच्या पथकाने प्रयत्न केले, पण प्रवाहाचा जोर इतका होता की बोट त्यांच्यापर्यंत नेणे शक्य होईना. त्यांना रात्र तेथेच काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सर्वांना सुखरूप उचलले.

या घटनेतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गावकरी, मग अग्निशमन आणि आपत्ती प्रतिसाद दल, आणि बोट चालत नाही हे स्पष्ट झाल्यावर हेलिकॉप्टर. रात्रभर माणसे अडकून पडली म्हणून टीका झाली, ती स्वाभाविक होती. परंतु पंधरा जण कोरड्या खडकावर बसलेले आहेत, त्यांच्याशी संपर्क आहे आणि पाणी खडकावर चढत नाही अशी स्थिती असेल, तर काळोखात विजेच्या तारांच्या मधून एमआय-१७ खाली आणण्याचा धोका पत्करण्यापेक्षा उजेडाची वाट पाहणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो, असे माझे मत आहे. पाणी चढत असते, तर हिशेब वेगळा झाला असता.

गोदावरीच्या पुरात शहरात हेलिकॉप्टर का दिसत नाही?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी लागले, सराफ बाजारात शिरले, तरी शहरातील पुराचे स्वरूप बहुधा असे असते की बोट, दोर आणि गल्ल्यांची माहिती असलेली माणसे अधिक लवकर पोहोचतात. जुन्या नाशकातील दाट वस्ती, पत्र्याची छपरे, केबल आणि विजेच्या तारांचे जाळे यांच्यावर मोठे हेलिकॉप्टर खाली आणले, तर पंख्याच्या वाऱ्याने उडालेला पत्राच कोणाचा तरी जीव घेईल. एमआय-१७ चे पूर्ण भारासह वजन सुमारे तेरा टन असते आणि त्याच्या पंख्याचा व्यास एकवीस मीटरहून अधिक. तेवढे वजन हवेत धरून ठेवणारा वाऱ्याचा झोत सरळ खाली येतो. सायखेडा, चांदोरी अशा निफाड तालुक्यातील गावांनाही पुरात पहिला आधार बोटींचाच असतो.

हेलिकॉप्टर कोण मागवू शकते? थेट लष्कराला फोन करता येतो का?

सामान्य नागरिकाने ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावावा. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. परिस्थिती आपल्या साधनांच्या आवाक्याबाहेर आहे असे वाटल्यास जिल्हाधिकारी राज्य शासनामार्फत लष्कराकडे मागणी करतात. जीव तत्काळ धोक्यात असेल, तर स्थानिक लष्करी अधिकारी औपचारिक पत्रापूर्वीही मदत सुरू करू शकतात. लष्कराच्या फाटकावर जाऊन उभे राहिल्याने वेळ वाचत नाही, वाया जातो.

नियंत्रण कक्षाला फोन करताना पहिल्या मिनिटात सांगायच्या गोष्टी अशा: किती माणसे, नेमके कोठे, जखमी किती व कसे, आणि पाणी चढते आहे की उतरते आहे. मोबाइलवरील नकाशातून अक्षांश-रेखांश वाचून दाखवता आले, तर उत्तम. ‘हरिहरच्या मागच्या बाजूला’ हे वर्णन वैमानिकाच्या उपयोगाचे नाही, कारण वरून पाहिल्यावर डोंगराला मागची बाजू नसते.

मागणी केल्यावरही हेलिकॉप्टर यायला वेळ का लागतो?

उड्डाणाचा वेळ हा त्यातील लहान भाग असतो. सज्जतेवर असलेले पथक काही मिनिटांत उडू शकते, पण सज्जता ज्या कामासाठी असते तेथे. दुसऱ्या कामासाठी यंत्र सोडायचे तर आधी विंच लावावी लागते, आसने काढावी लागतात, स्ट्रेचर बसवावे लागते आणि इंधनाचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब अवघड असतो. इंधन जास्त घेतले, तर माणसे कमी उचलता येतात. इंधन कमी घेतले, तर घटनास्थळी थांबायला वेळ उरत नाही. शिवाय एका जागी हवेत स्थिर राहताना पुढे उडण्यापेक्षा अधिक शक्ती खर्ची पडते.

त्यातही पावसाळ्यातील इगतपुरी आणि त्र्यंबकचा परिसर. ढग डोंगरमाथ्यावर टेकलेले, दरीत धुके आणि कड्यावरून उलटा येणारा वारा. ब्रह्मगिरी ढगात असेल, तर जगातील सर्वांत कुशल वैमानिकही तेथे खाली येऊ शकत नाही, आणि त्याने येऊही नये.

विंचने माणूस उचलताना प्रत्यक्षात काय घडते?

वैमानिकाला आपल्या पोटाखालचे काहीच दिसत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ज्याला उचलायचे तो माणूस दृष्टिआड गेल्यावर वैमानिक समोरच्या एखाद्या झाडावर किंवा खडकावर नजर रोखून यंत्र स्थिर ठेवतो. खालचे डोळे म्हणजे दारात कंबरपट्ट्याने बांधून घेतलेला विंच चालवणारा. तो अर्धा बाहेर झुकून सतत बोलत असतो: पुढे पाच, पुढे तीन, दोन, एक, स्थिर, दोर खाली जातोय, जमिनीपासून दोन मीटर, उजवीकडे एक. हे बोलणे तुटले, तर मोहीम तुटते. म्हणूनच या दोघांचा सराव एकत्र आणि वर्षानुवर्षे होतो.

पंख्याच्या हवेशी होणाऱ्या घर्षणाने हेलिकॉप्टरमध्ये स्थिर विद्युत साठते. त्यामुळे खाली येणारा आकडा आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यायचा असतो. त्याआधीच हात लावणाऱ्याला जबर झटका बसतो. बचावकर्मी उतरतो, अडकलेल्याच्या काखेखालून पट्टा घालतो, त्याचे हात खाली आवळून ठेवायला सांगतो आणि दोघे एकत्र वर जातात. हात वर केले, की पट्टा निसटू शकतो. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो, म्हणून तर बचावकर्मी सोबत लागतो. विंचची क्षमता यंत्रानुसार साधारण दीडशे ते तीनशे किलो असते.

दोर कधी कड्याच्या कपारीत किंवा जहाजाच्या डोलकाठीत अडकतो. अशा वेळी यंत्र वाचवण्यासाठी दोर कापण्याची सोय विंचमध्येच असते. तो निर्णय घेण्याची वेळ येऊ नये, यासाठीच बाकीची सारी शिस्त.

समुद्रातील माणूस सापडतो कसा?

समुद्रात पडलेला माणूस पडल्या जागी राहत नाही. वारा आणि प्रवाह त्याला वाहून नेतात, त्यामुळे घटना किती वाजता घडली यावरून तो आता कोठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. भारतात हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने यासाठी ‘सरात’ नावाची संगणकप्रणाली तयार केली असून ती २०१६ पासून वापरात आहे. अंदाजाचा मध्यबिंदू ठरला, की हेलिकॉप्टर तेथून वाढत्या चौकोनात किंवा समांतर रेषांत पट्टा न् पट्टा पाहत जाते. लाटांमध्ये फक्त डोके पाण्याबाहेर असलेला माणूस अगदी जवळून गेल्यावरही नजरेतून सुटू शकतो. म्हणूनच लाइफ जॅकेटचा भगवा रंग, दिवा आणि शिट्टी यांना एवढे महत्त्व आहे.

विमाने व जहाजे यांच्यावर ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश देणारे यंत्र असते. उपग्रहांद्वारे तो संदेश टिपणारी कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८२ पासून जीव वाचवत आहे आणि तिचे भारतीय केंद्र बंगळुरूला इस्रोकडे आहे.

तौक्ते वादळात मुंबईजवळ हेलिकॉप्टरांनी काय केले?

मे २०२१ मधील त्या वादळात दोन बार्जची कहाणी शेजारी ठेवून पाहावी. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हे बार्ज वाहत येऊन पालघरच्या किनाऱ्यालगत रुतले. त्यावरील १३७ जणांना तटरक्षक दल व नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी सुखरूप काढले. दुसरे, ‘पी-३०५’, खोल समुद्रात १७ मे रोजी बुडाले आणि त्यावरील २६१ जण उसळत्या समुद्रात फेकले गेले. तेथे प्रामुख्याने नौदलाच्या जहाजांनी अहोरात्र माणसे वर ओढली. हवामान थोडे निवळल्यावर सी-किंग आणि अन्य हेलिकॉप्टरे शोधात उतरली. १८६ जण वाचले. वादळ तेच, पथके तीच. फरक होता तो किनाऱ्यापासूनच्या अंतराचा आणि पायाखाली स्थिर काहीतरी असण्याचा.

सह्याद्रीत अडकलेल्या ट्रेकरसाठी हेलिकॉप्टर येईल का?

क्वचितच. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर, अंजनेरीच्या कड्यावर किंवा कळसूबाईच्या वाटेवर घसरलेल्यांना खाली आणतात ते बहुतांशी स्थानिक गिर्यारोहक, गावकरी, वनखाते आणि पोलीस. उभ्या कड्याशी हेलिकॉप्टरच्या पंख्याला पुरेशी मोकळी जागा मिळत नाही. शिवाय सपाट जमिनीजवळ तरंगताना खालून मिळणारा हवेचा आधार कड्याच्या काठावर मिळत नाही. उंची ही आपल्याकडची अडचण नाही. राज्यातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि चीता त्याच्या तिपटीहून अधिक उंचीवर रोज उतरते. अडचण आहे ती ढगाची, वाऱ्याची आणि जागेची.

या कामात पथकालाच धोका किती?

बराच. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या महापुरात हवाई दलाने हजारो यात्रेकरूंना दऱ्यांतून बाहेर काढले. त्याच मोहिमेत २५ जून रोजी गौरीकुंडजवळ एमआय-१७ कोसळून हवाई दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस यांचे मिळून २० जण मृत्युमुखी पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ एका टँकरवरील जखमी खलाशाला आणण्यासाठी रात्री निघालेले तटरक्षक दलाचे ध्रुव समुद्रात कोसळले आणि चारपैकी तिघांचा मृत्यू झाला. ‘एवढ्याशा पावसात काय होतंय’ असे म्हणण्यापूर्वी या दोन घटना आठवाव्यात.

वाचवलेल्या व्यक्तीला खर्च द्यावा लागतो का?

नाही. उड्डाणांचा हिशेब शासनाच्या पातळीवर होतो.

परदेशात हे काम खासगी कंपन्या करतात, हे खरे आहे का?

ब्रिटनमध्ये खरे आहे. तेथे १९५० च्या दशकापासून हवाई दल आणि नौदल किनाऱ्यावरील बचाव करीत होते. २०१५ मध्ये ती जबाबदारी तटरक्षक खात्यामार्फत कंत्राटी कंपनीकडे गेली आणि हवाई दलाची प्रसिद्ध पिवळी हेलिकॉप्टरे निवृत्त झाली. आपल्याकडे तसे होणे नजीकच्या काळात संभवत नाही, आणि माझ्या मते इष्टही नाही. आपला हिमालय, आपला समुद्र आणि आपला पावसाळा यांच्यासाठी लागणारा सराव आज लष्कराबाहेर कोणाकडेही त्या प्रमाणात नाही. राज्याकडे मात्र विंच असलेले निदान एखादे स्वतःचे यंत्र असावे. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी पाहता ही मागणी नाशिककरांनी करायला हरकत नाही.

हेलिकॉप्टर डोक्यावर आल्यावर खाली असलेल्यांनी काय करावे?

ओढण्या, टोप्या, ताडपत्र्या, रिकाम्या गोण्या असे हलके सामान आधीच दाबून ठेवावे. दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहणे म्हणजे ‘मदत हवी’. एक हात वर व एक खाली म्हणजे ‘नको’. दोन्ही हात हलवून उत्साहाने टाटा करणाऱ्या बघ्यांमुळे वैमानिकाची दिशाभूल होते. रात्री विजेरीचा झोत यंत्रावर रोखू नये, कारण वैमानिकांनी लावलेल्या रात्रदर्शी चष्म्यांना तो आंधळे करतो. आणि ड्रोन! पुराचे चित्रीकरण करणारे एक ड्रोन हवेत असेल, तर सबंध मोहीम थांबवावी लागते.

उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे बोलावल्याशिवाय जाऊ नये. जाताना समोरून, वाकून आणि वैमानिकाला दिसेल असे जावे. शेपटीकडे कधीही जाऊ नये. तेथील पंखा वेगाने फिरत असल्याने दिसतच नाही. उतार असेल, तर उताराच्या खालच्या बाजूने जावे, कारण वरच्या बाजूला पंखा जमिनीच्या अधिक जवळ असतो.

नाशिकच्या मुलामुलींना या क्षेत्रात जायचे असल्यास मार्ग कोणता?

वैमानिक होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, किंवा पदवीनंतर हवाई दलाची व संयुक्त संरक्षण सेवांची परीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेत. तटरक्षक दलाची अधिकारी भरती स्वतंत्र असते. मुलींसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था २०२३ पासून नाशिकमध्येच सुरू झाली आहे. मुलांसाठीची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे.

परंतु पथकात सगळेच वैमानिक नसतात. दारातून झुकून विंच चालवणारा, पाण्यात उडी घेणारा पाणबुड्या, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा तंत्रज्ञ आणि हवेतच सलाइन लावणारा वैद्यकीय सहायक हे बहुधा अधिकारी नसून हवाई सैनिक किंवा नौसैनिक असतात. बारावी विज्ञान किंवा तांत्रिक पदविका झालेल्यांना या वाटेने पथकात शिरता येते. पाणबुड्याच्या कामासाठी पोहण्याची तयारी मात्र लवकर सुरू केलेली बरी, आणि ती तलावापुरती न ठेवता जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वाहत्या पाण्यातही करावी.